घड झाकला का?

जानेवारीतली गोष्ट. यावल तालुक्यातल्या एका शिवारात सकाळी साडेनऊला मी चुलीसमोर उकिडवा बसलेलो, हातात लाकडी मुठीचा पितळी शिक्का आणि पुढ्यात गरम कळण्याची भाकरी. शिक्क्यावर उलट्या अक्षरांत कोरलेलं, 'घड झाकला का?' घड म्हणजे केळीचा. हा शिक्का दोनदा करून घ्यावा लागला होता, कारण पहिल्या वेळी कारागिराने अक्षरं सुलटी कोरली आणि छापल्यावर ती उलटी उमटली. तेव्हाच शहाणं व्हायला पाहिजे होतं, पण नाही झालो.

हे सगळं आलं कुठून ते सांगतो. आमची जळगावात छोटी जाहिरात एजन्सी आहे, सहा माणसं, होर्डिंग, भिंती रंगवणं, रिक्षावर भोंगा आणि आता आता रील. आमच्या दादांना केस स्टडीचा, म्हणजे गाजलेल्या जाहिरात मोहिमांच्या किश्शांचा भारी नाद. दर सोमवारी चहा झाला की एक केस स्टडी, प्रोजेक्टर नाहीये म्हणून दादांच्या लॅपटॉपभोवती आम्ही सगळे माना लांब करून उभे. त्या सोमवारी लाईफबॉयची होती. २०१३ चा अलाहाबादचा कुंभमेळा, तिथल्या ढाब्यांवर आणि भंडाऱ्यांत तव्यावरून उतरणाऱ्या रोटीवर गरम शिक्का मारायचा, 'लाईफबॉय से हाथ धोए क्या?' २५ लाख रोट्या छापल्या. ना टीव्ही ना पेपर, रोटी हीच जाहिरात. बघून आम्ही सगळे वेडेच झालो, मी तर पहिला.

आणि नेमका त्याच आठवड्यात फैजपूरकडचे एक शेठ आले. त्यांचा धंदा केळीच्या घडाला घालायच्या पिशव्यांचा, आपल्याकडे स्कर्टिंग बॅग म्हणतात ती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बाग निसवली की, म्हणजे कमळ (केळफूल) बाहेर पडून फण्या सुटल्या की घडावर ही पांढरी पिशवी चढवतात. आत थोडी ऊब राहते, पानं घासून ओरखडे पडत नाहीत, धूळ आणि फुलकिडे लांब राहतात. सातपुड्याकडून थंडी उतरली की उघड्या घडाची साल काळपट पडते, चिलिंग म्हणतात त्याला, पिशवीत ते कमी होतं. माल चांगला होता, त्यात शंका नाही. पण शेठचं म्हणणं की लोकं घेतच नाहीत, एकदा घेतात आणि पुढच्या वर्षी तोंड फिरवतात. हे दुसरं वाक्य तेव्हा आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात शिरलं नाही. आम्ही ऐकलं फक्त 'घेत नाहीत', आणि दादांनी टेबलावर हात मारला, शेठ, तुमच्यासाठी आयडिया तयारच आहे!

मग काय, भरीत पार्टी ठरली. हिवाळ्यात खान्देशात कोणालाही शेतात जमा करायचं असेल तर याच्याइतका सोपा रस्ता नाही. बामणोदची पांढरट हिरवी मोठी वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, लाकडी बडगीत ठेचलेली, त्यात हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, दाणे. लिहितानाही तोंडाला पाणी सुटलं. शंभरेक शेतकरी बोलावले, सोबत पुऱ्या आणि कळण्याच्या भाकरी, आणि प्रत्येक भाकरीवर आमचा शिक्का. केळीच्या पानावर भाकरी आली की शेतकरी वाचणार, 'घड झाकला का?', मग शेठ उठून बोलणार, आम्ही शूटिंग करणार आणि केस स्टडी तयार. दादांनी तर तिचं नावही ठेवून टाकलं होतं.

आता भाकरीचं सांगतो. कळण्याची भाकरी म्हणजे ज्वारी आणि उडदाची, रंगाने आधीच सावळी, त्यावर चुलीचे डाग. शिक्का मारला तर वाचता येईना. मी जोर लावला तर भाकरी दुभंगली. शिक्का जास्त तापवला तर नुसता काळा गोळा उठला. पुरीवर मारून पाहिला तर फस्सकन वाफ निघून ती चपटी झाली. मैद्याकणकेची पातळ रोटी वेगळी आणि आपली हातावर थापलेली भाकरी वेगळी, हे कळायला कुंभमेळ्याची गरज नव्हती, घरी आईला विचारलं असतं तरी पुरे होतं.

चुलीवर एक म्हातारी माय भाकरी थापत होती. ती आधी दोन मिनिटं बघत राहिली, मग म्हणाली, "काय करू राह्यला रे भाऊ? अन्नाले डाग देऊ राह्यला? मानूस गेल्यावर डाग देता, भाकरीले कोनी देतं का?" आजूबाजूच्या बाया हसल्या पण ती हसली नाही. तिने सरळ माझ्या हातातला शिक्का घेतला आणि लाकडाच्या ढिगामागे ठेवून दिला. मी काय बोलणार? शंभर माणसाच्या जेवणाची सूत्रं तिच्या हातात. अशा रीतीने आमची मोहीम तेरा भाकरी आणि चार पुऱ्यांवर संपली.

पण दिवस तिथे संपला नाही, उलट सुरू झाला.

पलीकडच्या बागेत त्या दिवशी कापणी चालली होती. तिथले आप्पा, साठीच्या पुढचे, पार्टीला आलेले, त्यांनी शेठना हाक मारली, "शेठ, जरा इकडे या, तुमची पिशवी दाखवतो." शेठ गेले, मागून आम्ही, आणि आमच्या मागून हातात भरीताचे द्रोण घेऊन पंधरा-वीस शेतकरी. आप्पांनी ऑक्टोबरात शेठकडूनच पिशव्या नेल्या होत्या पण सगळ्या बागेला नाही, फक्त एका ओळीला, ऐंशी खोडांना. बाकी कांदेबाग, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेली केळी, उघडी. टोळीवाल्या पोराला त्यांनी दोन घड शेजारी शेजारी ठेवायला सांगितले, एक पिशवीतला आणि एक उघडा. काय फरक होता भो! पिशवीतला एकदम स्वच्छ, साल एकसारखी, आणि उघड्यावर ओरखडे आणि बारीक काळे ठिपके. लोक वाकून बघू लागले, एकाने नखाने साल खरवडून पाहिली, एकाने फणीतली बोटं मोजली. मला वाटलं, देवा, हीच जाहिरात! शेठही फुलले.

मग आप्पा म्हणाले, "आता भाव विचारा." त्यांनीच सांगितला. व्यापाऱ्याने दोन्ही घड एकाच काट्यावर, एकाच भावाने घेतले. सगळा माल खुला ट्रकमध्ये भरून उत्तरेत जाणार, तिथे पिकवून विकणार, ओरखडा कोण बघतो. "तुमची पिशवी वाईट नाही शेठ, पण पिशवीचे पैसे माझे, चढवायची मजुरी माझी, आणि भाव तोच. मग मी दुसऱ्या ओळीला कशाला घालू?"

शेठ गप्प. आम्ही गप्प. एक तरुण शेतकरी मध्ये पडला, त्याचा माल बॉक्समध्ये जातो, १३ किलोचा बॉक्स, आखाती देशात. तो म्हणाला आप्पा, पॅकिंगवाला डागाची फणी बाजूला काढतो, मला पिशवीशिवाय परवडतच नाही. आप्पा म्हणाले तुझी जैन कंपनीच्या टिश्यू कल्चर रोपांची बाग आणि तुझा व्यापारी वेगळा, माझ्याकडे बॉक्सवाला येतच नाही, मी काय करू? मग तिसरा बोलला, चौथा बोलला, कोणाची किती फणी रिजेक्ट झाली, बॉक्सवाला कुठल्या गावापर्यंत येतो, किती खोडं असली तर येतो. अर्धा तास ही जी चर्चा झाली ती सोन्यासारखी होती आणि आमचा कॅमेरा कुठे होता? चुलीजवळ, ट्रायपॉडवर, पुऱ्यांकडे तोंड करून.

परतताना गाडीत दादा बराच वेळ बोलले नाहीत. तापीचा पूल आला तेव्हा मीच म्हटलं, दादा, आपण लाईफबॉयचा शिक्का उचलला, प्रश्न नाही उचलला. रोटी हातात आहे, हात आपलाच आहे, उठून धुवायचा तर साबण-पाण्याशिवाय कोणाची गरज नाही. म्हणजे ज्याला विचारलं त्याच्याच हातात उत्तर होतं आणि त्याच क्षणी. आपण शेतकऱ्याला विचारतोय घड झाकला का, आणि त्याचं उत्तर व्यापाऱ्याच्या काट्यावर, जो आपल्या पार्टीत नव्हताच. आपण त्याला भरीतसुद्धा खाऊ घातलं नाही.

दादा म्हणाले, मग मिस्ड कॉलचं काय? कारण शिक्क्याच्या जोडीला आम्ही बॅनरवर मिस्ड कॉल नंबरही टाकला होता, तीही एका केस स्टडीची उसनवारी, हिंदुस्तान युनिलिव्हरचं 'कान खजूरा टेसन'. बिहार-झारखंडात वीज नाही, टीव्ही चालत नाही अशा गावांत लोकांनी एका नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा, मग उलट फोन येणार आणि गाणी, विनोद आणि मधे मधे जाहिराती फुकट ऐकायला. पण तेव्हा रिचार्जचे पैसे मोजून बोलायचे दिवस होते. आता यावल-रावेरच्या शेतकऱ्याकडे रोजचा डेटा संपत नाही, तो मिस्ड कॉल कशाला देईल? आमच्या नंबरवर त्या दिवशी अकरा कॉल आले. मी सगळ्यांना उलट फोन केला. सात जणांनी विचारलं, आज बऱ्हाणपूरच्या बाजारात केळीचा भाव काय निघाला?

आधी मला राग आला. मग घरी जेवताना उजेड पडला की आप्पाही तेच विचारत होते आणि हे सात जणही तेच.

यावर एक जुनी गोष्ट आठवली, ती मी दुसऱ्या दिवशी शेठना सांगितली. अमेरिकेत आयोवा राज्यात संकरित मक्याचं बियाणं शेतकऱ्यांनी कसं स्वीकारलं याचा रायन आणि ग्रॉस या दोघांनी अभ्यास केला होता, १९४३ मध्ये छापला. २५९ शेतकरी, त्यातले दोन सोडून सगळ्यांनी शेवटी ते बियाणं घेतलं, पण वर्षानुवर्षं लागली. बियाण्याची माहिती बहुतेकांना कंपनीच्या सेल्समनकडून मिळाली, विश्वास मात्र बसला शेजाऱ्याचं पीक बघून. आणि सुरुवातीला एकदम सगळं शेत नाही, थोड्या तुकड्यावर करून बघितलं. म्हटलं शेठ, आप्पांची ऐंशी खोडाची ओळ म्हणजे तोच तुकडा. फरक एवढाच की आयोवात जास्तीचं पीक शेतकऱ्याच्या स्वतःच्या कोठारात दिसत होतं आणि इथे स्वच्छ घडाचा फायदा दुसऱ्याच्या खिशात जातोय.

शेठ वैतागले. म्हणाले अमेरिकेचं काय सांगतो, आपल्याकडचं सांग. तर मी अमळनेरचं सांगितलं. विप्रो तिथली, १९४५ ला वनस्पती तुपाची कंपनी म्हणून सुरू झालेली, आणि तेलाच्या धंद्यातून जे उरायचं त्याचा त्यांनी कपड्याचा साबण काढला, ७८७ नावाचा. शेठ लगेच म्हणाले, म्हणजे माझ्या पिशव्यांच्या कटिंगचं काहीतरी काढू? मी कपाळाला हात लावला, पण त्यातून विषय जुन्या पिशव्यांवर गेला. कापणी झाली की या पिशव्या बागेत, नाल्यात, बांधावर लोंबत असतात, कोणी उचलत नाही, शेतकरी त्यावरूनही वैतागलेला असतो. चिक शाम्पूवाल्यांनी तामिळनाडूत कधी काळी स्कीम काढली होती, कोणत्याही कंपनीच्या पाच रिकाम्या पुड्या आणा आणि चिकची एक फुकट न्या, आणि मग हळूच नियम बदलला की फक्त चिकच्याच पुड्या चालतील. मी म्हटलं जुन्या पिशव्या परत घ्या, नव्या खरेदीत सूट द्या. शेठ म्हणाले, "त्या घेऊन मी काय करू, गोधडी शिवू?" बरोबर होतं त्यांचं. चिकला रिकामी पुडी नको होती, तिच्याबरोबर येणारं गिऱ्हाईक हवं होतं, आणि पाच पुड्या मुठीत मावतात. इथे पाच हजार खोडांच्या पिशव्या म्हणजे अख्खी ट्रॉली. सोडून दिलं.

जे केलं ते अगदी साधं होतं, कुठल्या केस स्टडीत बसणार नाही. बॉक्सवाला यायचा तर एका गावात पुरेसा माल लागतो. शेठ आणि मी दोन महिने तेवढंच करत फिरलो, कोणाची बाग कधी निसवणार, किती खोडं, एकमेकांच्या जवळ कोण. रावेरकडच्या एका पॅकिंगवाल्याला आप्पांच्या बागेत आणून ती ओळ दाखवली. त्याने कबूल केलं की सलग इतकी इतकी खोडं पिशवीतली मिळाली तर गाडी पाठवतो. मग शेठनी पिशव्या शेतकऱ्याला एकेकट्या विकायच्या बंद केल्या, गावातल्या सात-आठ जणांचा गट करून विकल्या, पॅकिंगवाल्याचा नंबर सोबत. होर्डिंग नाही, रील नाही, आमचं बिलही त्यामुळे फार झालं नाही, दादा अजून त्यावरून मला टोमणे मारतात.

तीन गावांत जमलं. चौथ्यात नाही जमलं, तिथे दोन भावांचा बांधावरून वाद होता आणि तो सोडवणं आमच्या कामात बसत नव्हतं. आप्पांनी या वर्षी चार ओळींना पिशव्या घातल्यात, सगळ्या बागेला नाही. मी विचारलं का नाही, तर म्हणाले आधी बॉक्सवाल्याचे पैसे खात्यात येऊ दे.

शिक्का त्या मायकडेच राहिला. मध्ये एकदा आप्पांकडे गेलो होतो तेव्हा पाहिला, गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून लावलाय.