मोकळी जागा

"एवढी जागा मोकळी का सोडलीस गं? काही लिहायचं राहिलंय का?"

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचं आमंत्रण बघून आईचा प्रश्न. डिझाइनचं पहिलं वर्ष संपत आलंय आणि खरी परीक्षा ही!

मागच्या वर्षीचंही मीच केलं होतं. चार कोपऱ्यांत कमळं, तीन फॉन्ट, सोनेरी अक्षरांना सावली. आईला अजून तेच आवडतं. यंदा 'मुक्ता' हा एकच फॉन्ट, दोन जाडीत. 'कुंकू'चे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना टेकत होते, ते सोडवण्यात अर्धा तास गेला. कुणाला दिसणार नाही म्हणा.

शेजारच्या आजींनी मात्र चष्मा न शोधता फोनवर वेळ वाचली. "पाच वाजता ना?"

मग म्हणाल्या, "पण कमळं कुठे गेली गं?"

एखादं ठेवायला हवं होतं का?