आल्प्समधली उन्हाळी सुट्टी: मेमध्ये नको, आणि त्या पुलासाठी तर नकोच

तारखांपासून सुरुवात करतो, कारण आपल्या लोकांची गोची तिथेच होते. आपली उन्हाळी सुट्टी एप्रिल-मेची, म्हणून टूरवाले आल्प्सही त्याच महिन्यांत विकतात. "जुलैत तिकडे पाऊस असतो साहेब, मे बेस्ट," असं पुण्यातल्या एका एजंटाने आम्हाला छातीठोकपणे सांगितलं होतं. भावजींना मेमध्ये रजा मिळाली नाही म्हणून आम्ही वाचलो. ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतात मेमध्ये दोन हजार मीटरच्या वरच्या वाटांवर बर्फ असतो, डोंगरातल्या बहुतेक हट (म्हणजे वाटेवरची मुक्काम-जेवणाची घरं) जूनच्या मध्यापर्यंत कुलूपबंद असतात आणि स्कीइंगचा हंगाम संपल्यामुळे बऱ्याच केबलकार देखभालीसाठी थांबलेल्या असतात. म्हणजे पैसे भरून खाली गावात बसायचं, जी केबलकार चालू असेल तिने वर जाऊन बर्फाचे गोळे फेकायचे आणि परत यायचं. तेवढ्यासाठी मनाली आहे.

चालणाऱ्या माणसाचा उन्हाळा तिथे जूनअखेरीला सुरू होतो आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत टिकतो. रात्री नऊपर्यंत उजेड, उतारांवर ऱ्होडोडेंड्रॉनची लाल झुडपं, वरच्या कुरणांत गाई, आणि प्रत्येक हटमध्ये चूल पेटलेली. एजंट म्हणाला तो पाऊस असतोच, पण तो बहुधा दुपारी गडगडाट करत येतो आणि तास-दोन तासांत जातो. आषाढात ताम्हिणीत भिजलेल्या माणसाला त्याचं काय कौतुक? भीती पावसाची नाही, विजेची ठेवा. सहा-साडेसहाला निघा, दोनच्या आत छपराखाली या.

ऑस्ट्रिया का, स्वित्झर्लंड का नाही? स्वस्त आहे म्हणून. आणखीही एक कारण आहे, पण ते हटबद्दल बोलताना येईल.

आम्ही गेलो टिरोलमधल्या झिलरटाल खोऱ्यात. म्युनिकहून रेल्वेने जेनबाख, तिथून छोट्या रुळांच्या गाडीने मायरहोफेन गाव. जेनबाख स्टेशनावर तीन वेगवेगळ्या रुंदीचे रूळ एकत्र येतात: मुख्य लाइन, ७६० मिलिमीटरची झिलरटाल गाडी आणि आखेनजे तळ्याकडे जाणारी मीटर गेज. नेरळ-माथेरानवर जीव असणाऱ्यांनी इथे एक गाडी चुकवायला हरकत नाही. मायरहोफेनमधले सुरुवातीचे दिवस छान गेले, केबलकार, तळी, वगैरे. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

आता तो पूल. तुम्ही फोटो नक्की पाहिला असेल: ढगांत टांगलेला झुलता पूल, त्यावर हात पसरलेली एक मुलगी, मागे खोल खाली निळंशार पाणी. तो पूल ओल्पेररहुटे या २,३८९ मीटरवरच्या हटच्या पाठीमागे आहे आणि खालचं पाणी श्लेगाइस धरणाचं. फोटो खोटा नाही, पण पुलाच्या खाली काही फुटांवर एक ओढा आहे, बस्स. कॅमेरा अशा बेतानं धरायचा की ओढ्याचा काठ चौकटीबाहेर राहतो. बहीण तिथे पोचल्यावर धापा टाकत म्हणाली, "अरे, हाच तो? याच्यासाठी सहाशे मीटर चढवलंस?" सकाळी अकराला तिथे रांग होती. एक गृहस्थ रांगेतल्या अनोळखी लोकांचे फोन हातात घेऊन एकामागून एक फोटो काढून देत होते, आणि पलीकडच्या वाटेने जड सॅक घेऊन आलेले दोन जर्मन आजोबा पूल ओलांडायला मिळावा म्हणून काठ्या टेकून ताटकळत उभे होते. पूल हा वाटेचा भाग आहे हे रांगेतल्या कोणाच्या गावीही नव्हतं.

माझं मत विचाराल तर नुसत्या फोटोसाठी जाऊ नका. जायचंच तर हटवर मुक्काम करा. शेवटची बस गाठायला दिवसभराची गर्दी चारनंतर उतरते आणि मग पूल, धरण आणि समोरच्या हिमनद्या तुमच्याच.

बहुतेक जण इथूनच मागे फिरतात. आम्ही पुढे फ्रीझेनबर्गहाउस या पुढच्या हटकडे निघालो, आणि खरं लिहायचं आहे ते या टप्प्याबद्दल. पाटीवर वेळ दोन तास. व्हिडिओंमध्ये या टप्प्याला 'पॅनोरामा वॉक' म्हणतात. असं म्हणणाऱ्याला एकदा हरिश्चंद्रगडाच्या नळीत नेऊन सोडायला पाहिजे.

सुरुवातीची आडवी वाट खरंच सुंदर आहे. मग मोठमोठ्या शिळांचा पट्टा लागतो. तिथे वाट अशी नाहीच. दगडांवर रंगवलेले लाल-पांढरे-लाल पट्टे शोधत एका शिळेवरून दुसरीवर जायचं. जुलैच्या सुरुवातीला मधल्या घळींत जुना, दाबून कडक झालेला बर्फ शिल्लक असतो. सकाळी तो काचेसारखा असतो. आधीच्या लोकांच्या पावलांचे खड्डे असतील तर ठीक; नसतील तर टाच रोवून, एकेक पाऊल, आणि खालच्या बाजूला न बघता. तरी इथवर सह्याद्रीत हिंडणाऱ्याला काही वाटू नये.

खरी भानगड शेवटी आहे. समोर हट दिसते, हाताच्या अंतरावर वाटते, आणि वाट एकदम खाली फ्रीझेनबर्गजे या तळ्याकडे कोसळते. तीव्र नागमोडी उतार, पायाखाली घसारा, आणि जिथे कातळ उघडा पडलाय तिथे ठोकलेल्या पोलादी तारा. उजवीकडे खोल दरी, म्हणजे चांगलंच दृष्टिभय. त्यात समोरून माणसं वर येत होती, आणि तारेवर एका वेळी एकालाच जागा. तारेचे सुटे धागे तळहातात घुसतात. भावजींच्या हाताला त्या दिवशी तीन ठिकाणी रक्त आलं. पातळ कातडी हातमोजे न्या, अगदी सायकलचे चालतील. काठ्या उताराआधीच घडी करून सॅकला बांधा, मनगटात लोंबकळणाऱ्या काठीने बहीण दोनदा अडखळली. आणि आकाशात गुरगुर ऐकू आली तर त्या तारेला हात लावायचा नाही, हटवर थांबायचं.

हे सगळं उतरून तळ्याशी आलात की हट पुन्हा वर दिसते. तो शेवटचा छोटा चढ कोणत्याही व्हिडिओत नाही.

पाटीवरच्या दोन तासांच्या जवळजवळ दुप्पट वेळ आम्हाला लागला. पाटीवरची वेळ न थांबता चालणाऱ्याची असते, आणि ती ज्यांनी ठरवली त्यांचे गुडघे वेगळ्या कारखान्यात बनलेत. वाटांच्या वर्गवारीचंही तेच. लाल ठिपका म्हणजे मध्यम, काळा म्हणजे अवघड. पण अरुंद वाट, खडा उतार, अधूनमधून तार, एवढं सगळं त्यांच्या 'मध्यम'मध्ये बसतं. ज्याला आपण रॉक पॅच म्हणून दोर काढतो तिथे दहा वर्षांची पोरं उड्या मारत जातात.

म्हणून सल्ला असा: ही वाट उलटी करा. धरणापासून थेट फ्रीझेनबर्गहाउसला चढा, तिथे राहा, सकाळी तळ्याकडून तारांचा टप्पा वर चढून जा आणि ओल्पेररहुटेला पोचा. घसारा चढताना निम्मा त्रास देतो. उंचीची भीती असलेल्यांनी, आणि आई-बाबांना घेऊन जाणाऱ्यांनी, हा टप्पा सोडूनच द्यावा. त्यांच्यासाठी श्लेगाइसहून इटलीच्या सीमेवरच्या फिट्शर योखपर्यंतची रुंद वाट आहे. २,२४६ मीटरची खिंड, वर जेवणाची सोय, घाबरण्यासारखं काही नाही.

फ्रीझेनबर्गहाउसमध्ये भिंतीवर लावलेला इतिहास जरूर वाचा. १९२४च्या डिसेंबरमध्ये जर्मन-ऑस्ट्रियन अल्पाइन क्लबने आपली व्हिएन्नातली डोनाउलांट शाखा हाकलून दिली, कारण तिचे बहुसंख्य सदस्य ज्यू होते. मग बर्लिनच्या गिर्यारोहकांनी स्वतःचा वेगळा क्लब काढला आणि ही हट बांधली. नाझींनी तीही हिसकावली. डोंगरात सगळे सारखे असतात, असं आपण शेकोटीभोवती म्हणतो. मी ते वाचून बराच वेळ काही बोललो नाही, भावजींनी तेवढ्यात माझं सूप संपवलं.

सूपावरून खाण्याचं. शाकाहारींनी नीट ऐका. कासप्रेसक्नोडेल म्हणजे चीजचा तळलेला गोळा, शाकाहारी दिसतो, पण तो ज्या सूपात पोहत येतो ते बहुतेक वेळा बीफचं असतं. मागवण्याआधी विचारा. केझश्पेट्झले हा चीज आणि तळलेल्या कांद्याचा नूडल्ससारखा प्रकार सुरक्षित, फक्त वर श्पेक, म्हणजे डुकराचं मांस, टाकू नका असं सांगा. काइझरश्मार्न म्हणजे तुकडे केलेलं गोड धिरडं, मनुका आणि आलुबुखाऱ्याच्या मुरंब्याबरोबर. अंडं चालत असेल तर दोघांत एक पुरतो. हटमध्ये गरम पाणी लिटरवर विकत मिळतं. आम्ही चहा पावडर, दूध पावडर आणि सुंठ नेली होती, त्यामुळे संध्याकाळी आमच्या टेबलाकडे सगळे वळून बघत होते.

मघाशी म्हटलं ते दुसरं कारण म्हणजे या हटच. गादी, ब्लँकेट, रात्रीचं जेवण, नाश्ता सगळं वर मिळतं, त्यामुळे पाठीवर पाच-सहा किलोच्या वर काही नको. तंबू नाही, शिधा नाही, भांडी नाहीत. फक्त पातळ कापडी स्लीपिंग लायनर सक्तीचं आहे. बूट बाहेरच्या खोलीत काढायचे, रात्री दहाला दिवे बंद. सामायिक खोलीत घोरणारा एक तरी असतोच. आमच्यात तो आम्हीच नेला होता.

पैशांचं आता थोडं कडवट. कार्डाच्या मशीनवर आणि एटीएमवर 'रुपयांत भरा' असा पर्याय येतो. कधीही दाबू नका, नेहमी युरो. स्टेशनाजवळच्या एका एटीएमने आम्हाला रुपयांचा जो दर दाखवला तो पाहून भावजींनी मशीनलाच शिवी दिली. रोख मात्र लागते, सगळ्याच हट कार्ड घेत नाहीत. पाणी गावातल्या नळाचं प्या. रविवारी दुकानं बंद असतात, शनिवारी संध्याकाळी चॉकलेट-ब्रेड भरून ठेवा.

१५ ऑगस्ट आपल्यासारखीच तिथेही सुट्टी असते, मेरीमातेच्या सणाची. जोडून रजा टाकून जायचा मोह होतो, पण त्याच आठवड्यात इटलीवालेही वर चढतात आणि हटमध्ये पाय ठेवायला जागा नसते. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा उत्तम, बर्फ संपलेला, गर्दी ओसरलेली. गणपती त्यात आले तर घरच्यांशी तुमचं तुम्ही बघा.

गाईंना हात लावू नका. आपला हात आपोआप पुढे जातो, पण वासरू सोबत असलेली गाय तिथे अंगावर येते. २०१४ मध्ये टिरोलमध्ये एका पर्यटक महिलेचा त्यात जीव गेला आहे. लांबून वळसा घाला.

ऑस्ट्रियन अल्पाइन क्लबचं सदस्यत्व निघायच्या आधी ऑनलाइन घ्या. हटमध्ये झोपायचे दर कमी होतात, आणि मुख्य म्हणजे सुटकेच्या खर्चाचा २५,००० युरोंपर्यंतचा विमा त्यात येतो. ऑस्ट्रियात हेलिकॉप्टर आलं तर बिल तुमच्या नावावर फाटू शकतं. डोंगरातला मदतीचा नंबर १४०, रेंज नसेल तर ११२ लावून बघा.

आणि फ्रीझेनबर्गहाउसहून धरणाकडे उतरताना वेळेचा हिशोब आधी करा. उतार दोन तासांचा आहे, गुडघे थकलेले असतात, आणि मायरहोफेनची शेवटची बस वाट बघत नाही. वेळापत्रकाचा फोटो सकाळी वर जातानाच थांब्यावर काढून ठेवा.