वाढ नाही

न्युमोनियावरच्या एका नव्या, तोंडाने घ्यायच्या अँटिबायोटिकच्या चाचणीत मायक्रोबायोलॉजीची बाजू मी सांभाळते. कुणाला कुठलं औषध मिळालं हे मला कळत नाही, वॉर्डातल्या डॉक्टरांनाही नाही. नवं औषध तीन दिवसांचं आणि तुलनेचं सात दिवसांचं, म्हणून दिसायला सारख्या पण औषध नसलेल्या गोळ्या घालून सगळ्यांचाच कोर्स सात दिवसांचा केलेला असतो.

माझी खरी झटापट बेडक्याशी. लोक थुंकी देतात. मी समोर उभी राहून चूळ भरायला लावते, खोल श्वास घ्यायला सांगते आणि मग खोकायला. कमी शक्तीच्या भिंगाखाली एका क्षेत्रात पू-पेशी 25 हून जास्त आणि तोंडातल्या आवरणपेशी 10 हून कमी दिसल्या, तरच नमुना पुढे जातो. बरेचसे तिथेच बाद होतात.

बीडकडच्या एका ऊसतोड कामगाराचा बेडका मात्र पाहताक्षणी ओळखावा असा होता, गंजाच्या रंगाचा. ग्रॅमच्या रंगाने रंगवलेल्या स्लाइडवर पू-पेशींच्या गर्दीत जांभळे, टोकदार, जोडीजोडीने बसलेले जंतू. न्युमोकोकसच, न्युमोनियाचा नेहमीचा जंतू. इतकी देखणी स्लाइड क्वचित मिळते. ताबडतोब रक्त अगारवर, म्हणजे जंतू वाढवायच्या रक्तमिश्रित प्लेटवर लावलं आणि पाच टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये ठेवलं. सकाळी हिरवट कडेच्या वसाहती दिसणार, मग ओळख पक्की करणारी ऑप्टोचिनची चकती, मग एमआयसी (जंतूची वाढ थांबवायला लागणारी औषधाची किमान मात्रा), असा सगळा क्रम डोक्यात तयार होता.

प्लेटवर घशातले नेहमीचे जंतू तेवढे आले. 48 तासांनीही न्युमोकोकस नाही. लघवीत या जंतूचे अंश शोधणारी अँटिजेन चाचणी मात्र पॉझिटिव्ह. आधीच अँटिबायोटिक पोटात गेलं असेल तर असं होतं.

मी वॉर्डात गेले. चाचणीत भरती करतानाच्या फॉर्मवर ‘आधी अँटिबायोटिक : नाही’ असं लिहिलेलं होतं. मी त्यांच्या बायकोला म्हटलं, “ताई, घरून आणलेली औषधांची पिशवी दाखवता का?” तिने पिशवीतून अर्धी रिकामी स्ट्रिप काढली. ॲझिथ्रोमायसिन 500, म्हणजे अँटिबायोटिकच. “ह्या व्हय? तापाच्या हायेत. मेडिकलवाल्यानं दिल्यात.”

त्या दोघांचा यात काही दोष नाही. त्यांना ‘अँटिबायोटिक घेतलं का’ असं विचारलं गेलं; ‘कुठल्या गोळ्या घेतल्या’ असं कुणी विचारलंच नाही. महिन्याचा भरतीचा आकडा गाठायचा असला की प्रश्न असेच आखडतात.

रुग्ण बरा झाला. ताप उतरला, भूक लागली, घरी गेला. पण ॲझिथ्रोमायसिन ऊतींमध्ये कित्येक दिवस टिकतं. बरं वाटलं ते आमच्या कोर्समुळे, की मेडिकलमधल्या गोळ्यांमुळे? जंतू हातात असता तर ॲझिथ्रोला तो दाद देत होता का, एवढं तरी सांगता आलं असतं. आता एकूण विश्लेषणात अँटिजेनच्या जोरावर हा रुग्ण ‘जंतू सिद्ध झालेला, बरा झालेला’ म्हणून मोजला जाईल. नियम काटेकोर पाळलेल्यांच्या यादीतून मात्र गळेल. दोन्ही गोष्टी नियमाला धरूनच आहेत, आणि तरी मला स्वस्थता नाही.

भरतीआधी औषधांची पिशवी डोळ्यांनी पाहायची, अशी ओळ कार्यपद्धतीत घाला, असं मी लेखी दिलं आहे. उत्तर आलं, “रुग्णांना अविश्वास दाखवल्यासारखं वाटेल.” त्या बाईंनी तर मी विचारताच पिशवी पुढे केली होती.