निशि-कासाईला रॅपिड थांबत नाही

डोंबिवलीत पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला फास्ट-स्लो कुणी शिकवायला नको, असा माझा तोरा होता. टोकियोत पहिल्याच दुपारी तो उतरला.

ताई-भावोजी एदोगावा वॉर्डात निशि-कासाईला राहतात. तिथे भारतीयांची मोठी वस्ती आहे, त्यामुळे आपल्यापैकी बरेच जण तिथेच उतरतात. म्हणून हे सविस्तर लिहितोय. भावोजी फोनवर म्हणाले, "अरे, सोपं आहे. ओतेमाचीला तोझाई लाइन पकड. पूर्वेकडे जाणारी कुठलीही गाडी चालेल."

कुठलीही चालत नाही!

नारिता विमानतळाहून एक्सप्रेसने टोकियो स्टेशन गाठलं. तिथून दोन बॅगा ओढत जमिनीखालूनच ओतेमाची. गेटवर जेआर (जपान रेल्वे) पास दाखवला, तर खिडकीतल्या माणसाने हसतमुखाने दोन्ही हातांची फुली केली. "टोकियोतल्या सगळ्या गाड्या यात आल्या" असं सांगून ट्रॅव्हल एजंटने सात दिवसांचा 50,000 येनचा पास माझ्या गळ्यात मारला होता. तोझाई लाइन टोकियो मेट्रोची आहे, जेआरचा पास तिथे शून्य. क्योतोला जाऊन-येऊन 28,000 येनच्या आसपास लागतात, म्हणजे तेवढं करूनही पास वसूल होत नाही. टोकियो आणि आसपासच फिरणार असाल तर घेऊच नका. सुइका, म्हणजे पैसे भरून गेटवर टेकवायचं कार्ड, पुरतं. ते फोनमध्येही घेता येतं, मात्र भारतात घेतलेल्या बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये चालत नाही, प्लास्टिकचंच घ्या.

तिकीट काढून गाडीत बसलो. ही रॅपिड तोयोचोपर्यंत प्रत्येक स्टेशनला थांबते, त्यामुळे आपण फास्टमध्ये बसलोय हे लक्षातच येत नाही. तोयोचोनंतर ती बोगद्यातून वर येते आणि अराकावा नदीचा लांबलचक पूल लागतो. उतरायची तयारी म्हणून बॅगा दाराशी नेल्या. निशि-कासाईची पाटी दिसली, वाचूनही झाली, आणि काचेपलीकडून सरकत मागे गेली. मग कासाईही गेलं. गाडी थांबली ती उरायासूला, म्हणजे टोकियो संपून चिबा प्रांतात. गेटबाहेर न पडता पलीकडच्या फलाटावर गेलो आणि लोकलने दोन स्टेशनं मागे आलो.

रात्री विचारलं, "भावोजी, तुम्ही रोज जाता ना या लाइनने?"

"छे रे, माझं ऑफिस इथेच. मी सायकलने जातो."

तेव्हा दुपारी ओतेमाचीहून येताना बोर्डावर 'लोकल' लिहिलेलं असेल तरच चढा. सकाळी शहराकडे जाणारी 'कम्युटर रॅपिड' नावाची आणखी एक भानगड आहे. ती निशि-कासाईला थांबते, पण भरून येते. दुसऱ्या दिवशी सव्वाआठला तीच पकडायचा शहाणपणा केला. याच लाइनवरचा किबा ते मोन्झेन-नाकाचो हा टप्पा 2019 मध्ये गर्दीच्या तासाला क्षमतेच्या 199 टक्के भरत होता. तिकडच्या व्याख्येत 200 टक्के म्हणजे अंगाला अंग घट्ट लागतं, पण साप्ताहिक कसंबसं वाचता येतं. साप्ताहिक! डोंबिवलीला 8 वाजता नाक खाजवता येत नाही. आता गर्दी कमी झाली म्हणतात, आणि खरं सांगायचं तर आपल्याला ती झेपते. झेपत नाही ती शांतता. कुणी ओरडत नाही, कुणी "पुढे सरका" म्हणत नाही, त्यामुळे उतरायचं असलं तरी तोंड उघडायची लाज वाटते. मी एक स्टेशन पुढे गेलो. सॅक पोटाशी घ्या, शक्य असेल तर साडेनऊनंतर निघा. बायकांसाठी सकाळी वेगळा डबा असतो, त्यात चुकून शिरू नका.

बाकी यामानोते लाइन, उएनो वगैरे ठीक झालं.

फक्त कामाकुराचं सांगतो, कारण तिथे पैसे गेले. योकोसुका लाइनच्या ग्रीन डब्यात, म्हणजे तिथल्या फर्स्ट क्लासमध्ये, जाऊन बसलो आणि गाडीतच त्याचे जादा पैसे भरले, 1,260 येन. आधी सुइकावर काढलं असतं तर 1,000 लागले असते. त्यातही ग्रीनचा दर 50 किलोमीटरनंतर वाढतो, आणि टोकियो ते कामाकुरा बरोबर 51 किलोमीटर. एक स्टेशन अलीकडे, किता-कामाकुराला उतरलात तर मी गेलो तेव्हाच्या दराने 750 येनमध्ये काम होतं. एंगाकुजी मंदिर त्या स्टेशनला अगदी लागून आहे, आणि पुढे कामाकुरापर्यंत अर्धा तास चालायचं.