ई२६.८१
रुग्णांचे चार्ट, म्हणजे उपचारांच्या नोंदी, वाचून त्यांतल्या निदानांना ठरलेले कोड देणे हे माझे काम. आज हाताखालून गेलेल्या सगळ्या चार्टांपैकी एका अमेरिकी चार्टनेच माझा जवळजवळ पाऊण तास घेतला. निदान होते बार्टर सिंड्रोम, म्हणजे मूत्रपिंडातील हेनलेच्या वळशाच्या जाड चढत्या भागात मीठ पुरेसे परत शोषले न गेल्यामुळे ते लघवीवाटे वाहून जाण्याचा दुर्मीळ आनुवंशिक विकार. बिघाड मूत्रपिंडाचा, म्हणून सवयीने मी कोडसूचीतल्या ‘एन’च्या, म्हणजे मूत्र व जनन संस्थेच्या विकारांच्या, प्रकरणात शोधत राहिले; सापडला मात्र तो अंतःस्रावी विकारांत, हायपरअल्डोस्टेरॉनिझमखाली (अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक जास्त होणे), ई२६.८१ या कोडवर. आधी खटकले, पण बार्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये या विकाराचे वर्णन केले तेव्हा वाढलेले अल्डोस्टेरॉन हे त्यातले ठळक लक्षण होते, आणि जबाबदार जनुके तर १९९६ पासून पुढे उलगडत गेली, हे आठवल्यावर हा जुना पत्ता समजण्यासारखा वाटला.

जनुकांनुसार या विकाराचे अनेक प्रकार पडतात, तरी कोड एकच आहे. बार्टिन प्रथिनाच्या दोषात बहिरेपणही येते. त्याचा कोड वेगळा जोडावा लागतो, तोही डॉक्टरांनी तशी नोंद केली असेल तरच.

पोटॅशियम कमी असल्याचा ई८७.६ मी सोबत लावला होता. तपासणाऱ्या ताईंनी तो काढून टाकला, कारण ते या विकाराचेच नेहमीचे लक्षण आहे आणि अशा लक्षणाला स्वतंत्र कोड देत नाहीत. हा नियम मी नव्या मुलांना स्वतः शिकवते, त्यामुळे थोडी ओशाळले.