पल्सार कणांना वेग देतो तो नेमका कुठे?

नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना पल्सारचे, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या चुंबकीय न्यूट्रॉन ताऱ्यांचे (मृत ताऱ्यांच्या अतिघन अवशेषांचे), रेडिओ स्पंद टिपतात आणि त्यांचा अभ्यास पुण्यात, विद्यापीठाच्या आवारात चालतो. त्यामुळे आपल्याकडे पल्सारची ओळख होते ती या स्पंदांमधूनच. मात्र पल्सार जी ऊर्जा गमावतो तिच्यात रेडिओ लहरींचा वाटा अगदी नगण्य असतो. खरा व्यवहार कणांचा आहे.

क्रॅब तेजोमेघातला न्यूट्रॉन तारा सेकंदाला सुमारे ३० वेळा स्वतःभोवती फिरतो आणि त्याचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या कित्येक लाख कोटी पट आहे. असा चुंबक फिरला की सायकलच्या डायनॅमोप्रमाणे विद्युतदाब निर्माण होतो. हे विद्युतबल ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणावरही मात करून पृष्ठभागावरचे भारित कण उपसून काढते, त्यामुळे पल्सारभोवती निर्वात टिकूच शकत नाही, असे गोल्डराइक आणि ज्युलियन यांनी १९६९ मध्ये दाखवले.

मला सर्वांत विलक्षण वाटते ते यापुढचे. उपसलेले कण असे पसरतात की चुंबकीय बलरेषेच्या (चुंबकीय क्षेत्राची दिशा दाखवणाऱ्या रेषेच्या) दिशेतले विद्युतक्षेत्र शून्य होते, म्हणजे ज्या क्षेत्राने त्यांना बाहेर काढले त्यालाच ते निष्प्रभ करतात. म्हणून असा प्रवेग मिळतो तो जिथे कणांचा तुटवडा आहे तिथेच. रूडरमन आणि सदरलँड यांच्या १९७५ च्या गणितानुसार चुंबकीय ध्रुवावरच्या अशा रिकाम्या पट्ट्यात सुमारे एक लाख कोटी व्होल्ट दाब साचतो. तिथून धावणारा कण वक्र बलरेषेवरून जाताना गॅमा किरण सोडतो, त्या किरणाची इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धनभारित जोडीदार) अशी जोडी होते, त्या जोडीपासून पुन्हा किरण आणि पुन्हा जोड्या, आणि क्षणार्धात तुटवडा भरून दाब कोसळतो.

ध्रुवाजवळचे अतिऊर्जावान गॅमा किरण तिथल्या तीव्र चुंबकीय क्षेत्रात अशाच जोड्यांत बदलत असल्याने बाहेर निसटू शकत नाहीत. तरीही २०२३ मध्ये नामिबियातील हेस दुर्बिणींना वेला पल्सारकडून सुमारे २० टेरा-इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतच्या (टेरा म्हणजे एक लाख कोटी) ऊर्जेचे गॅमा स्पंद मिळाले. तेव्हा त्यांचा उगम दूरवर, चुंबकीय क्षेत्र क्षीण झालेल्या जागी मानावा लागतो: ताऱ्याबरोबर फिरायचे तर प्रकाशाचा वेग गाठावा लागेल, त्या सीमेच्या आसपास. क्रॅबच्या बाबतीत ही सीमा अक्षापासून सुमारे १,६०० किलोमीटरवर आहे. तिच्यापलीकडे विरुद्ध दिशांच्या बलरेषांमध्ये विद्युतप्रवाहाचा पातळ पडदा तयार होतो, त्यात बलरेषा तुटून नव्याने जोडल्या जातात आणि चुंबकीय ऊर्जा कणांच्या वाट्याला येते. आजच्या संगणकीय प्रतिरूपांत बराचसा प्रवेग याच पडद्यात घडताना दिसतो, आणि मलाही तेच स्पष्टीकरण अधिक पटते.