आमची वाटचाल : सर्जिकल दुकान ते रुग्णसाहित्य केंद्र

मिरजेत सर्जिकलचं दुकान म्हणजे डोळे झाकून चालणारा धंदा, असं बाहेरगावच्या माणसाला वाटतं. त्यात त्याची चूक नाही. डॉ. वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल इथं १८९४ साली उभं राहिलं, १९६२ साली सरकारी मेडिकल कॉलेज आलं आणि गल्लोगल्ली दवाखाने झाले. अथणी, रायबाग, विजापूरकडचा पेशंट आजही मिरज जंक्शनला उतरतो. पण गिऱ्हाईक आहे म्हटल्यावर दुकानंही तितकीच, आणि उधारी तर विचारूच नका. डॉक्टर पैसे बुडवत नाहीत, फक्त लवकर देत नाहीत.

१९८७ साली मी दुकान टाकलं. माल म्हणजे काचेच्या सिरिंजा, त्या उकळायचे स्टरलायझर, रबरी कॅथेटर, कापसाचे गठ्ठे, गॉजची थानं. पुढं एड्सच्या धास्तीनं डिस्पोजेबल सिरिंजा आल्या आणि स्टरलायझर फळीवर धूळ खात पडले. बदलत्या मालाच्या मागं धावण्यापेक्षा स्वतः काहीतरी बनवावं, असं तेव्हा मनानं घेतलं. कुपवाड एमआयडीसीत भाड्याची शेड घेऊन आम्ही हॉस्पिटलचे बेड बनवायला लागलो.

बेडबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण आमचं नाव झालं ते त्यावर. फाउलर बेडला पायथ्याशी दोन हँडल असतात. एक फिरवलं की पाठ उचलते, दुसऱ्यानं गुडघे. सगळा भार येतो तो आतल्या स्क्रूवर. त्याचे आटे चौकोनी हवेत. साध्या आट्यांचा स्क्रू स्वस्त पडतो, पण लवकर झिजतो आणि मग हँडल नुसतं गरगर फिरतं, पाठ जागची हलत नाही. घरात म्हातारा माणूस अर्धवट उठलेल्या अवस्थेत अडकला की काय होतं, ते ज्याच्या घरी झालंय त्यालाच विचारावं. आमचा बेड बाजारभावापेक्षा थोडा महागच होता. भाव करणाऱ्याला मी दोन्ही स्क्रू हातात द्यायचो. निम्मे लोक तरीही स्वस्तातलाच घ्यायचे.

दुकानाचा रोख बदलला तो परत येणाऱ्या गिऱ्हाइकांमुळं. घरी अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी किंवा वडिलांसाठी बेड नेलेला माणूस दोन-चार महिन्यांनी पुन्हा यायचा. डोक्यावरचे केस नुकतेच उगवत असायचे, त्यामुळं काय झालंय ते विचारावं लागायचं नाही. "काका, बेड परत घ्याल का? काय द्यायचं ते द्या. घरात बघवत नाही." वापरलेला बेड विकत घेऊन त्यावर पुन्हा नफा काढायचा, हे मला जमेना. घेतलेले बेड शेडमध्ये साठत गेले. मग पॉलिश, नवीन पावडर कोटिंग, नवीन चाकं असं करून आम्ही तेच गरजूंना वापरायला द्यायला लागलो. बेडनंतर व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची आणि बेडसोरसाठीची, म्हणजे पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमांसाठीची, हवेची गादी आली.

स्वतःच विकायचा माल स्वतःच उसना द्यायचा, म्हणजे गल्ल्यावर परिणाम होणारच. झालाच. किरकोळ बेडविक्री बरीच घटली. मुलगी तेव्हा नुकतीच दुकानात बसायला लागली होती. तिनं हिशेबाची वही पुढ्यात टाकून सरळ विचारलं, "बाबा, आपण दुकान चालवतोय की पांजरपोळ?" तिचा मुद्दा रास्त होता. त्यातून वाटणी झाली : दवाखान्यांच्या ऑर्डरी आणि दुकान तिच्याकडं, उसनवारीचा कारभार माझ्याकडं. आज दुकान ती माझ्यापेक्षा चांगलं चालवते. उधारीसुद्धा वसूल करते!

फुकट मात्र आम्ही काही देत नाही, यावरून बोलणी खाल्ली आहेत. अनामत घेतो, महिन्याला नाममात्र भाडं घेतो. अनामत नसली की वस्तू माळ्यावर जाते आणि रांगेतला पुढचा पेशंट ताटकळतो. ज्याची खरोखर ऐपत नाही त्याची अनामत डॉक्टरांच्या चिठ्ठीवर माफ होते, त्याची वाच्यता करत नाही. वस्तू देतानाचे फोटो काढत नाही. वॉकर धरून उभ्या असलेल्या माणसाला कॅमेऱ्याकडं बघून हसायला लावणाऱ्यांना काय म्हणावं?

२०१५ साली धर्मादाय कार्यालयात रीतसर ट्रस्ट नोंदवला. कागदांचा ताप आहे. एक विश्वस्त बदलला तरी चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. देणगीदार रोख रक्कम घेऊन येतात आणि करसवलतीची पावती मागतात. दोन हजारांच्या वर रोख दिली तर त्यांना करसवलत मिळत नाही, हे समजावण्यात निम्मी सकाळ जाते.

२०१९च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. आमचं बरंच साहित्य तेव्हा सांगलीतल्या घरांत होतं. पेशंट बोटीतून हलवले गेले, बेड तिथंच राहिले. पाणी ओसरल्यावर लोखंड घासून, रंगवून पुन्हा उभं केलं. हवेच्या गाद्यांचे पंप मात्र भंगारात गेले. अनामत कुणाचीही कापली नाही.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१च्या एप्रिल-मेमध्ये, मागणी होती ती फक्त ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरची. हे मशीन खोलीतली हवा आत घेतं, झिओलाइट नावाच्या खनिजाच्या दाण्यांत नायट्रोजन अडवतं आणि ९० टक्क्यांच्या वर ऑक्सिजन बाहेर सोडतं. म्हणजे ते वीज असेपर्यंतच चालतं. त्यामुळं ज्यांच्याकडं लोडशेडिंग, त्यांना सोबत लहान सिलिंडर देत होतो. या लहान, म्हणजे बी टाइप सिलिंडरमध्ये सुमारे दीड हजार लिटर ऑक्सिजन मावतो. मिनिटाला दोन लिटर लावला तर बारा तास निघतात. हा हिशेब मी रात्री-अपरात्री फोनवर मराठीत आणि मोडक्यातोडक्या कानडीत कितीदा सांगितला असेल! त्या मशीनी आता जुन्या दम्याच्या आणि फुप्फुसाच्या पेशंटांकडं फिरत असतात.

सध्या टंचाई आहे ती हवेच्या गाद्यांची. कुणाकडं वापरात नसलेली पडून असेल तर पंपासकट आणून द्या. पंप बंद असला तरी चालेल, आमचा मिस्त्री बघतो. साहित्य न्यायला येताना डॉक्टरांची चिठ्ठी, आधार कार्डाची प्रत आणि बेडसाठी छोटा हत्ती टेम्पो हवा, सोबत उचलायला दोन माणसं. घर वरच्या मजल्यावर असेल आणि लिफ्ट नसेल तर आदल्या दिवशीच कळवा, बेड सुटा करून ठेवतो.